भावजींनी बिघडवलेला सायलेन्सर

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भावजींना, सगळे फुंकणीमास्तर म्हणतात. मोटारसायकलचा धूर बाहेर टाकणारी नळी आणि तिच्या टोकाचा सायलेन्सर बनवायचा, जुना असेल तर सुरात लावायचा, हे त्यांचं काम. चाळीस वर्षं ते नळ्याच करत आलेत. फुंकणीमास्तर हे नाव मी ठेवलं असं ताई म्हणते. खरंही असेल, कारण माझ्या जिभेला हाड नाही, हेही तीच म्हणते.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. छत्तीस वर्षं लोकांच्या चुका शोधल्या आणि समासात खुणा केल्या. आता निवृत्त झालो तरी खोड गेलेली नाही. दुकानाच्या पाटीवर काही चुकलेलं दिसलं की आत जाऊन सांगतो आणि बहुतेक वेळा बोलणी खाऊन बाहेर येतो. लग्न केलं नाही. ताईच्या मते ते बरंच झालं, नाहीतर ती बिचारी रोज तपासून निघाली असती.

भावजींचं वर्कशॉप गादीवाल्याचं दुकान आणि लेथवाल्याची शेड यांच्या मधे चेपून बसलंय. आत छताला वाकवलेल्या नळ्या टांगलेल्या. उंच माणसाने मान खाली घालूनच आत यायचं. भिंतीलगत लांब टेबल, त्यावर पकड, गॅस वेल्डिंगची टॉर्च, रिवेटांचे डबे, आणि सायलेन्सरच्या पोटात भरायच्या काचेच्या लोकरीचं एक गाठोडं. त्या लोकरीची बारीक कुसळं अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते. भावजींना आता तीही सुटत नाही. "ती मला ओळखते," म्हणतात.

गाडीचा आवाज ते समोर उभं राहून ऐकत नाहीत. गाडी चालू करायची, आठ पावलं मागे जायचं, बादली उपडी घालायची आणि गाडीकडे पाठ करून तिच्यावर बसायचं. मी एकदा विचारलं, "रुसलात की काय तिच्यावर?"

"समोर बघितलं की डोळेच ऐकायला लागतात," ते म्हणाले. "चकचकीत नळीचा आवाज उगाच गोड लागतो."

मग बादलीवरून उठायचं, तळहात नळीच्या तोंडाशी धरायचा, बोट आत फिरवून काजळी बघायची. प्लग काढून त्याचं टोक बघायचं. तांबूस दिसलं तर ठीक. पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी पोचतंय, काळं पडलं असेल तर जास्त. त्यानंतर चढावरची परीक्षा. वर्कशॉपच्या मागे पुलाचा लांब चढ आहे. मागच्या सीटवर वाळूचं पोतं बांधायचं, तिसरा गियर टाकायचा, पहिल्या दिव्याच्या खांबापासून हळू सुरुवात करायची आणि गियर न बदलता गाडीचा दम कितव्या खांबाला लागतो ते बघायचं. आकडा भिंतीवर खडूने लिहायचा. त्या भिंतीवर इतके खांब नोंदलेत की वीजखात्यालाही तेवढे ठाऊक नसतील.

त्यांच्याकडे तरणी मंडळी येत, आणि सगळ्यांची मागणी एकच, आवाज मोठा करा. भावजी शांतपणे विचारायचे, "तुला ती पळायला हवीय की ओरडायला?" पोरगं म्हणायचं, दोन्ही. मग भावजी त्याला खडूने चित्र काढून समजावायचे. इंजिनाने धूर सोडला की नळीतून एक धक्का निघतो. तो टोकापर्यंत जातो आणि उलटा फिरतो. नेमक्या वेळी परत आला तर पुढचा धूर बाहेर खेचतो, अवेळी आला तर दारातच आडवा उभा राहतो. नळी किती लांब आणि किती रुंद, यावर त्याची वेळ ठरते. "तू नुसती नळी कापून तिला भोकाड पसरायला लावलंस तर शेजारी जागे होतील, पण गाडी चढावर मान टाकेल." निम्म्या पोरांना ते पटायचं. उरलेली निम्मी दुसरीकडे जाऊन नळी कापून घ्यायची आणि दोन महिन्यांनी खाली मान घालून परत यायची.

आता या माणसाची स्वतःची गाडी. बावीस वर्षांची जुनी, एका सिलिंडरची. सगळ्या जगाचे सायलेन्सर सुरात लावणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या सायलेन्सरकडे बघायला बावीस वर्षांत वेळ झाला नाही. त्याच्या पोटातला पत्र्याचा पडदा सुटलेला होता, तो खुळखुळायचा. नळी जिथे इंजिनाला जोडतात तो सांधा फुटलेला होता. ती गाडी गल्लीत शिरली की मला अख्ख्या पानभर चुका दिसत.

"भावजी, तुमच्या गाडीत मुद्रणदोष फार," मी म्हणायचो.

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू," ते म्हणायचे.

मी मागे लागलो. दोन वर्षं लागलो. हे मला इथे कबूल केलं पाहिजे.

आता नानांबद्दल सांगतो. नाना म्हणजे माझे आणि ताईचे वडील, वय शहाऐंशी. मी राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून आई गेल्यावर नाना ताईकडे राहायला आले. भावजींनी स्वतः हाताने त्यांचा पलंग गल्लीकडच्या खोलीत खिडकीशी लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "घरजावई तुम्ही पुष्कळ बघितले असतील. घरसासरे फक्त आमच्याकडे."

नाना तार ऑफिसात होते. यंत्राची टकटक ऐकायची आणि कागदावर शब्द उतरवायचे, यात त्यांची हयात गेली. पलीकडच्या स्टेशनवर कोण बसलंय हे त्यांना नाव न सांगता कळायचं. "प्रत्येकाचा हात वेगळा पडतो," म्हणायचे. तोंड न बघता ओळखलेली अशी पन्नास-साठ माणसं त्यांच्या ओळखीची होती.

दोन वर्षांपूर्वी नानांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. ताईला ते आईच्या नावाने हाक मारू लागले. मी रोज सकाळी त्यांची दाढी करून द्यायला जातो. मान वर करून गाल पुढे करतात आणि विचारतात, "काय हो, आज दुकानात गर्दी नाही वाटतं?" न्हावी समजतात मला. मी पण म्हणतो, "आज तुमच्यासाठीच उघडलंय." सवय झाली, असं मी लोकांना सांगतो. झालेली नाही.

भावजींना मात्र ते ओळखायचे. तोंडावरून नव्हे, गाडीवरून. दुपार कलली की नानांची चुळबुळ सुरू व्हायची. घरचं माणूस बाहेर आहे, अजून आलं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात उरलेलं. पलंगावरून उठायचं, खिडकीचे गज धरायचे, पुन्हा बसायचं. साडेसहाला ती खटारा गाडी गल्लीत शिरली की नाना एक बोट वर करायचे. म्हणायचे, "आले." मग खांदे सैल व्हायचे. भावजी किल्ली हातात घेऊन दारात आले की नाना म्हणायचे, "या जावईबापू." मग जेवायचे आणि शांत झोपायचे. दिवसभरात त्यांना खात्रीने ठाऊक असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

मला हेवा वाटायचा. मुलगा मी, आणि ओळख त्या फुटक्या सायलेन्सरला! मी चुका काढत होतो त्यामागे हेही थोडं असेल. आता नाकारून काय करू?

शेवटी भावजींनी मनावर घेतलं. त्याला माझी बडबड एवढंच कारण नव्हतं. ताईला मागे बसवून पुलाचा चढ चढताना गाडी पाचव्या खांबालाच धापा टाकू लागली होती, आणि ताई म्हणाली, "माझं वजन वाढलं म्हणून सांगू नका हं, तुमच्या फुंकणीकडे बघा आधी." तीन आठवडे ते रोज कामं संपवून स्वतःच्या गाडीला बसले, आणि नवी पुरी होईपर्यंत घरी निघताना जुनीच नळी परत चढवत राहिले. नळी नवी वाकवली. लांबी चार वेळा बदलली. सांध्यात नवी तांब्याची चकती बसवली. सायलेन्सरच्या पोटात भोकांची नळी घातली, भोवती लोकर भरली. मला पुलावर नेऊन दाखवलं. वाळूच्या पोत्यासकट गाडी अकराव्या खांबापर्यंत गेली, आणि आवाज इतका खोल आणि मऊ होता की मी, मीसुद्धा, खूण करायला जागा शोधत राहिलो.

जुना सायलेन्सर त्यांनी त्याच दिवशी उभा कापला. ही त्यांची पद्धतच आहे. कुठलाही जुना सायलेन्सर फेकण्याआधी ते उभा कापून पोट उघडून बघतात, कुठे गंजला, कुठे फाटला. बघून झालं आणि तो भंगारात गेला.

संध्याकाळी मी मुद्दाम ताईकडे थांबलो होतो, भावजींची मिरवणूक बघायला. साडेसहाला गाडी गल्लीत आली. ती दाराशी येऊन थांबली तेव्हाच आम्हाला कळलं. भावजी हसत आत आले.

नानांनी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

भावजी हसले. "नाना, मी."

"बसा," नाना म्हणाले. "घरातले अजून यायचे आहेत." आणि खिडकीकडे वळले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. गजाला धरून उभेच राहिले. ताईने समजावलं, मी समजावलं, भावजींनी किल्ली दाखवली. नाना सगळ्यांशी नम्रपणे बोलत होते आणि खिडकी सोडत नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ताईला म्हणाले, "तू मला काहीतरी सांगत नाहीस. काय झालं त्यांना?" ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली. चौथ्या दिवशी ती दूध तापवत असताना नाना दार उघडून बाहेर पडले. जावयाला शोधायला. समोरच्या शिवणकामवाल्या बाईंनी त्यांना मोठ्या रस्त्याच्या कडेला बघितलं. पाय खाली टाकायच्या बेतात होते. बाई कात्री हातात घेऊनच धावल्या.

डॉक्टर आले. त्यांनी नानांना तपासलं आणि आम्हाला बाहेर बोलावलं. म्हणाले, नवीन काही आता त्यांच्या डोक्यात बसायचं नाही. नव्या आवाजाची सवय होईल ही आशा सोडा. एक तर संध्याकाळी दाराला कुलूप घाला, पण त्याने ते अजून घाबरतील. नाहीतर चार-साडेचारला गोळी देऊ, सकाळपर्यंत झोपतील. तसं झोपवलेलं माणूस महिन्या-दोन महिन्यांत पलंगाचंच होतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

ताईने त्यांच्या हातून गोळ्यांची चिठ्ठी घेतली. भावजी म्हणाले, "मला आठ दिवस द्या."

"कशाला?"

"गाडी बिघडवायला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "द्या."

भावजींना वाटलं होतं हे दोन तासांचं काम आहे. ढिगातून त्याच जातीचा जुनाट सायलेन्सर काढला, आतला पडदा ठोकून सुटा केला, तो छान खुळखुळायला लागला. गाडीला चढवला. संध्याकाळी साडेसहाला तिच्यावर बसून आले. नानांनी मान वर केली. मग त्यांनी मान खाली घातली. "दुसराच कोणीतरी," म्हणाले.

"तोच तर आवाज आहे!" भावजी अंगणात येऊन माझ्यावर उखडले, जसा काही मीच सासरा. "बावीस वर्षं या गाडीवर बसतोय मी!"

मग आमच्या घरात सभा भरली. आवाज नेमका कसा होता? ताई म्हणाली, रिकामा डबा जिन्यावरून पडल्यासारखा. मी म्हणालो, डबा वगैरे नंतर, आधी एक चरचर यायची. ताई म्हणाली, तू रोज नव्हतास, मला नको शिकवू. शिवणकामवाल्या बाई बोलावल्याशिवाय आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "तुमची गाडी माझ्या दारासमोर तीनदा खोकायची. गतिरोधकावरून उतरली की. खट, खट, आणि जरा थांबून खट. मी त्यावर दिवा लावायचे." भावजी म्हणाले, माझी गाडी कधीही खोकली नाही. बाई म्हणाल्या, खोकायची. भावजी दुखावले. नवरा घोरतो हे त्याच्या तोंडावर सांगावं तसं झालं.

मी कागद घेतला. जन्मभर केलं तेच काम. एका बाजूला जे होतं ते, दुसऱ्या बाजूला जे आहे ते. खुळखुळ, आहे. चरचर, नाही. खोकला, नाही. कागद भावजींना दिला. त्यांनी तो वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"सांधा," ते म्हणाले.

ढिगातला जुना सायलेन्सर त्यांनी चढवला होता, पण चढवताना सांध्यात नवी चकती घातली होती आणि नट आवळले होते. ठरवून नव्हे. चाळीस वर्षांच्या हातांनी सांधा उघडा टाकणं त्यांना सुचलंच नव्हतं. हातच आवळून मोकळे झाले. फुटलेल्या सांध्यातून बाहेरची हवा आत जाते, गतिरोधकानंतर माणूस वेगाची मूठ सोडतो तेव्हा नळीत उरलेलं पेट्रोल त्या हवेत पेटतं, आणि गाडी खोकते. हे ते गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगत. स्वतःच्या डोक्यावर मात्र हेल्मेट असायचं, त्यात खोकला ऐकूच यायचा नाही.

आता प्रश्न असा की सांधा किती बिघडवायचा? चकती अर्धी कापली तर गाडी नुसतीच फुरफुरली. पूर्ण काढली तर इतकी कडकडली की गादीवाला बाहेर आला. आणि भावजींना ते ठरवता येईना, कारण घरी येणारा तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. ते वर बसलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी ते दुपारीच घरी आले आणि नानांना म्हणाले, "जरा इथे पडू का?"

नाना खुर्चीत बसले होते. "पडा की," ते म्हणाले. "बरं वाटत नाही का आपल्याला?"

"कान तपासायचेत."

"अस्सं," नाना म्हणाले, आणि आपली उशी त्यांच्याकडे सरकवली.

भावजी सासऱ्यांच्या पलंगावर आडवे झाले, खिडकीकडे पाठ करून. गाडी ताईने चालवायची ठरली. मला सायकलही धड येत नाही, आणि ताई लग्नानंतर याच गाडीच्या थोरल्या बहिणीवर शिकली होती. साठीची बाई, हेल्मेट घातलं, शिवणकामवाल्या बाईंना हात केला आणि निघाली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळून आली. मी खिडकीत उभा राहून कुठे मूठ सोडायची त्याची खूण करत होतो.

समोर, शिवणकामवाल्या बाईंच्या घराला लागून, गोदामाची लांब भिंत आहे. आवाज तिच्यावर आपटतो आणि खिडकीत येतो. गाडी दिसायच्या आधी भिंत बोलते. भावजी डोळे मिटून पडले होते. ताई दाराशी येऊन थांबली तरी ते उठेनात. मला वाटलं झोपले.

"मी असा येतो होय घरी?" ते म्हणाले. "इतक्या लांबून कळतं?"

मग पाच दिवस तेच केलं. सकाळी वर्कशॉप, दुपारी पलंग. चकतीला बारीक कानस मारायची, ताईने फेरी मारायची, भावजींनी ऐकायचं, मी कागदावर लिहायचं. नळीच्या गळ्याशी एक भोक पाडलं, ते मोठं झालं, पितळेने बुजवलं, पुन्हा लहान पाडलं. पडद्याला दोनाऐवजी एकाच रिवेटवर लटकवलं. गाडीची चढावरची ताकद गेली. वाळूच्या पोत्यासकट ती चौथ्या खांबाला थांबली. भावजींनी तो आकडाही भिंतीवर लिहिला. गिऱ्हाइकं येऊन विचारायची, मास्तर, हे काय चाललंय? "खास ऑर्डर आहे," ते सांगायचे. मी त्यांना इतकं मन लावून कुठलीच गाडी दुरुस्त करताना बघितलं नव्हतं.

या सगळ्या दिवसांत भावजी संध्याकाळीही नानांजवळ स्टूल टाकून बसायचे. नाना खिडकीत उभे राहायचे, हे शेजारी. नाना मधूनच विचारायचे, "आपल्याला घरी जायचं नाही?" भावजी म्हणायचे, "जाईन सावकाश." त्यांना जेवण भरवायचा प्रयत्न करायचे. परक्या माणसाच्या हातून खायला नानांना संकोच वाटायचा. दोन घास घेऊन पुरे म्हणायचे.

आठवा दिवस. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिलेली चिठ्ठी ताईने फडताळात ठेवली होती. भावजी म्हणाले, आज रोजच्या वेळी ऐकूया, साडेसहालाच. ताई गाडी घेऊन गेली. ते स्टुलावर बसले, नाना पलंगाच्या कडेवर. मी दारात.

आधी भिंत बोलली. चरचर, खालून खुळखुळ. मग गतिरोधक. खट. खट. ताईने मूठ सोडली ती अगदी शिवणकामवाल्या बाईंच्या दारासमोर. खट.

बाईंच्या घरात दिवा लागला.

नानांनी बोट वर केलं. "आले," म्हणाले.

त्यांचे खांदे खाली आले. मी भिंतीला टेकलो. भावजी स्टुलावर तसेच बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटांना पितळेचे डाग. त्यांच्या तोंडावर हसू फुटत होतं. ते नानांकडे वाकले.

नानांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही आता निघा हं," ते म्हणाले. "आमचे जावई आले. दमून येतात, त्यांना बसायला लागेल इथे. राग मानू नका."

भावजींचं हसू तसंच राहिलं आणि मागून विझलं. मी पुढे होणार होतो. मला ओरडून सांगायचं होतं, अहो नाना, हेच ते! पण भावजींनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"हो, निघतो," ते म्हणाले. स्टूल उचलून भिंतीला लावलं. "काळजी घ्या."

"पुन्हा या," नाना म्हणाले.

भावजी स्वयंपाकघरातून गेले, मागचं दार उघडलं, बोळातून वळसा घातला. ताई पायरीवर हेल्मेट काढत होती. त्यांनी तिच्या हातून हेल्मेट घेतलं, किल्ली घेतली. तिला काही कळेना. मग ते समोरच्या दाराने आत आले, किल्ली वाजवत.

"या जावईबापू," नाना म्हणाले. "आज उशीर केलात."

"हो नाना. गाडी बिघडली होती."

"मग झाली का नीट?"

"झाली."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. भावजींनी स्टूल पुन्हा ओढून घेतलं आणि त्याच जागी बसले. ताईने ताट आणलं. नाना त्यांच्या हातून जेवू लागले, नीट, भूक लागलेल्या माणसासारखे. चार घास झाल्यावर थांबले.

"तुम्ही नव्हतात तेव्हा एक गृहस्थ येत होते," ते म्हणाले. "रोज. इथेच बसायचे. फार भला माणूस. पण मला वाटतं, घरचं कोणी नसावं त्यांना."

भावजींनी पुढचा घास केला.

"आहे नाना," ते म्हणाले. "आज घरी गेले ते."